होटगीला जाऊन आले

सोलापूर,
बुधवार, २२ मे

चि. अंकिता हिला अव्वाचे अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी पाणी आलं. नेहमीसारखं पहाटे आलं आणि नेहमीसारखं कमी दाबानं आलं. मी आधी प्यायचं भरून घेतलं, मग मोरीतलं बॅरल, मग उत्कर्षाला उठवलं. अंगणातल्या बॅरलमध्ये पाइप धरायचं काम तिचं आहे आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं तिला खपत नाही. अंगण धुतलं. आंघोळ, पूजा झाली. भाकरी थापल्या, त्यातल्या दोन पातळ करून तव्यावर कडक व्हायला ठेवल्या. शेंगाचटणी कुटली. चटणीत तिखट दोनदा पडलं होतं, ते मला कळलं नाही. मी अर्धी भाकरी खाऊन बसले होते. उत्कर्षानं बोटभर चाखली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा समजलं.

मग परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन फेसत बसले. तूप पांढरं होईपर्यंत फेसायचं, हात थांबवायचा नाही. मैदा चाळून घातला, रवा, वेलदोडा. पीठ डब्यात भरलं, डबा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि ऊन चढायच्या आत आम्ही दोघी नानकटाई भाजून आणायला बेकरीत गेलो.

अशी साधी सकाळ होती. परत आलो तेव्हा तुझे अप्पा पायरीवर बसलेले.

ते काय म्हणाले ते लिहायलाच हे पत्र काढलं आहे. पत्र बघून घाबरू नकोस, इथं कुणाला काही झालेलं नाही. फोनवर हे बोलणं होत नाही. तू पुण्याहून विचारतेस, अव्वा बऱ्या आहात ना, मी म्हणते बरी आहे, आणि मग दोघींना पुढचं सापडत नाही. मी फोन उत्कर्षाकडे देते. लिहायला बसलं की निदान कागद समोरून 'बरं ठेवते' म्हणत नाही. पुस्तकातल्या बायका एका पत्रात मन रिकामं करून टाकतात. वाचताना मला ते खरं वाटतं, लिहायला घेतल्यावर नाही. म्हणून माझ्या पद्धतीनं जाते. आधी बेकरीचं लिहिते.

सुट्टी लागल्यामुळं बेकरीत ही गर्दी. बायका पराती घेऊन ओळीनं बसलेल्या, पोरं मध्येच पळतायत, भट्टीची धग वेगळी आणि बाहेरचं ऊन वेगळं. आम्ही ट्रे घेतले आणि कोपऱ्यात बसून गोळे वळले. वर काडीनं फुली उत्कर्षा मारते. तिची फुली तुझ्यासारखी वाकडी येते.

बेकरीवाल्या चाचांनी लांबूनच हाक मारली, "अम्मा, बैठो, आज लई भीड हय. तुम्हारा एक ट्रे लाल करताऊँ. मालूम हय मेरेकू, बेटे को लाल होना."

मी मान हलवली.

त्यांना कुणी सांगितलं नाही, अंकिता. गुरु गेला त्या वर्षी मी बेकरीत गेलेच नव्हते. पुढच्या वर्षी गेले तेव्हा त्यांनी न विचारताच एक ट्रे मागे ठेवला, शेवटी काढला, करपायला आलेला, त्याला आवडायचा तसा. मी डब्यात भरून घेतला. यंदाही घेतला. तेवढ्यापुरता तो कुठंतरी घरी बसून वाट बघतोय असं चाचांना वाटत असतं. मी ते मोडत नाही.

उत्कर्षानं विचारलं, "अज्जी, लाल ट्रे बाबांचा ना?"

"हो."

"मग सांग ना त्यांना."

"पुढच्या खेपेला सांगते."

 घरी आल्यावर ती ते करपट तुकडे दुधात बुडवून खाते. तिला आवडत नाहीत. वाया जाऊ नयेत म्हणून खाते.

तर तुझे अप्पा. हातात पिशवी, पिशवीत मोहोळहून आणलेल्या दोन पपया. मी म्हटलं, "अण्णा, दारात काय बसलात?"

"कुलूप दिसलं. म्हटलं येतीलच. आडतीवर आज काम न्हवतं, आलो."

चहा ठेवला. त्यांनी पाण्याचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं, पत्रे किती तापतात ते विचारलं. नानकटाई पुढं केली तर एक उचलून तशीच हातात धरून बसले. मग उत्कर्षाला पैसे देऊन बडीशेप आणायला पाठवलं. घरात बडीशेपेची बरणी समोरच होती.

"ताई, अंकितासाठी एक स्थळ आलंय."

मी म्हटलं, "बरं."

"होटगीचं. आपल्यातलंच हाय. युवराज नाव. पोरगा पुण्याला रेल्वेत हाय. बायको आजारात गेली त्याची, मूलबाळ न्हाई. दोघं भेटली पुण्यात एकदोनदा. आवडला न्हाई असं म्हणत न्हाई ती. पण न्हाई म्हणतीया."

"का?"

"तुमच्यामुळं."

 ते नानकटाईकडे बघत बोलत होते.

"म्हणती, अव्वांचा आदी नवरा गेला, मग पोरगा गेला. आता मी नातपण उचलून नेऊ व्हय? मला जमायचं न्हाई, अप्पा, परत इचारू नका. असं म्हणती." मग नानकटाई बशीत ठेवली. "ताई, मी तुमच्याकडं काय मागायला न्हाई आलो. निस्तं सांगायला आलो. बापाच्यानं राहवंना."

मी म्हटलं, "चहा घ्या. निवतोय."

एवढंच म्हटलं. ते गेल्यावर मला वाटलं, आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. माणूस त्या उन्हात एवढ्या लांबून आला. पण मला सुचलं नाही. राग आला का म्हणशील तर नाही. वाईट वाटलं का, तेही धड सांगता येत नाही. उशाखाली हात घेऊन झोपलं की सकाळी तो बधिर होतो. उचलला तर दुसऱ्याचा वाटतो. मला दोन वर्षं सगळ्याचंच तसं झालं आहे. कामं होतात. भाकरी गोल येते, टाका सरळ येतो. सोसायटीतल्या बायका म्हणतात, शरणम्मा लई धीराच्या. मी त्यांना काय सांगू? धीर धरायला काहीतरी दुखावं लागतं.

हे मी तुला पहिल्यांदाच सांगते आहे. रडूही आलेलं नाही मला. माती दिली त्या दिवशीही नाही. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतीस, मला माहीत आहे.

दुसरं एक सांगते. तुझे सासरे गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. गुरु चौथीत होता. त्याच्या पुस्तकातून मी वाचायला शिकले ते त्याच वर्षी. तो मोठ्यानं वाचायचा, मी जुन्या साड्यांच्या तुकड्यांची कौदी शिवत त्याच्या बोटाखालची ओळ बघायची. त्या वेळी मला पुढं काय करायचं ते कुणी विचारलं नाही. माहेरून नाही, सासरहून नाही. आपल्यात पाट लावत नाहीत असं नव्हतं. पण मला कुणी विचारलंच नाही, त्यामुळं मी हो म्हटलं असतं का नको, ते मला आजतागायत माहीत नाही. कधीकधी कौदी शिवताना त्याचा विचार येतो. उत्तर येत नाही.

शनिवारी अक्कलकोटहून सुंदरी आली. माझी बहीण कशी आहे तुला माहीत आहे. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "अक्का, तोंड का असं केलंस? चटणी संपली का?"

तिच्यापासून मला काही लपवता येत नाही. सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बघून ये की त्याला."

"कुणी? मी?"

"मग कोण? सून तुझीच हाय न्हवं?"

"सासू कुठं मुलगा बघायला जाते का, सुंदरी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला कामधंदा न्हाई. ते तर आतापण म्हणतात." आणि मग कन्नडमध्ये, "नडी, होगोण." चल, जाऊ म्हणून.

उत्कर्षाला सांगितलं, होटगीच्या मठात जायचं. ते खोटंही नव्हतं. रविवारी सकाळी कडक भाकरी, चटणी, दही, नानकटाईचा छोटा डबा, पाण्याच्या बाटल्या असं सगळं बांधून आम्ही तिघी वडापच्या जीपमध्ये बसलो. उत्कर्षाला खिडकी मिळाली. सुंदरीच्या मांडीवर एका परक्या बाईचं मूल आणि एक कोंबडी. उतरेपर्यंत तिनं त्या बाईचं माहेर कुठलं, सासर कुठलं, नवरा पितो का, सगळं काढून घेतलं होतं.

मठात दर्शन झालं. लिंबाखाली बसून जेवलो. उत्कर्षा म्हणाली, असं आपण दर रविवारी यायचं. मग म्हणाली, पण आई येते त्या रविवारी नको. मग म्हणाली, किंवा आईला घेऊनच यायचं. माझं लक्ष घड्याळाकडं होतं. सुंदरीनं सांगितल्यावरून तुझ्या अप्पांनी फोन करून ठेवला होता, बायका येतील म्हणून. मीपण येणार हे तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

म्हणजे झालं असं. दारात युवराजच्या आई, भुवनेश्वरीबाई, आरतीचं ताट नव्हतं एवढंच, बाकी सगळ्या तयारीत उभ्या. "या की, या. हितं पंख्याखाली बसा. मुलीची आई कोण तुमच्यात?"

सुंदरीनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "हीच म्हणा."

मी म्हटलं, "मी सासू. अंकिताची."

त्या बिचाऱ्या बसता बसता उभ्या राहिल्या. चेहरा असा पांढरा पडला, मी भांडायला आले असंच त्यांना वाटलं असणार. आतून युवराज आला. मी म्हटलं, "घाबरू नका. मी बघायला आले आहे. मुलीकडनं कुणीतरी बघायला जायचंच असतं."

तर अंकिता, मी त्याला बघितलं. तुला वाटेल म्हातारीला काय कळतं. उंच आहे, पण घरात वाकून चालल्यासारखा चालतो. बोलताना आधी आईकडं बघत नाही, हे मला बरं वाटलं. चहा त्यानंच आणला आणि कप त्यानंच उचलून नेले. सुंदरीला राहवेना.

"भाकरी येती का करायला?"

"पोळी येते," तो म्हणाला. "भाकरी थापताना तुटते."

"चालतंय. आमच्या अंकितालाबी येत न्हाई. दोघं मिळून तुकडं खावा."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल खाली राहतो. तू बघितलं असशील. गुरुबद्दल त्यानं काही विचारलं नाही. पण निघताना म्हणाला, "त्यांचा फोटो अंकितांच्या टेबलावर आहे. तो तिथंच राहू दे, असं मी त्यांना सांगितलंय." मी मान हलवली. मला आणखी काय करता आलं असतं?

त्याआधीचं राहिलं. मालगाडी आली होती आणि उत्कर्षाला इंजिन बघायचं होतं. त्यानं मला विचारलं आणि तिला स्टेशनवर घेऊन गेला. सुंदरी परसात पेरूचं झाड बघायला गेली, म्हणजे आमचं बोलणं व्हावं म्हणून गेली. भुवनेश्वरीबाई माझ्याजवळ सरकून बसल्या.

"एक बोलू का, शरणम्मा? वंगाळ मानू नका. पोरगी तुमच्यापाशीच राहू द्या की. आमाला तिचं वझं हाय असं न्हाई. पण नवं नवं हाय, दोघांचं जरा बसू दे. पोरीची हितं शाळा हाय, आज्जी हाय. तुमालाबी आधार. सगळ्यांचंच बरं."

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "बघू."

पण खरं लिहिते. मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं. तू लग्न करावंस, मी खुशीनं परवानगी द्यावी, लोकांनी म्हणावं काय सासू आहे, आणि उत्कर्षा माझ्या घरात राहावी. माझं काहीच जाणार नाही. परत येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली होती. सुंदरी कधी नव्हे ते गप्प होती. उतरताना फक्त म्हणाली, "अक्का, तू हसतीयास."

मी म्हटलं, "ऊन आहे, डोळे बारीक झालेत."

सोमवारी सुंदरी गेली. दुपारी मी अंगणातल्या पत्र्याखाली कौदी पसरली. ही उत्कर्षासाठीच शिवते आहे, तिच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे आणि तुझी ती पोपटी साडी. आपली पद्धत तुला माहीत आहे, काठापासून सुरू करायचं आणि चौकोन चौकोन करत आत यायचं. कौदीवरच बसायचं, शिवलेला भाग मागं, राहिलेला पुढं. हात चालत होता आणि डोक्यात माझा हिशेब. जूनमध्ये तिला नवे बूट. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पायऱ्या चढताना दप्तर जड होईल. तू महिन्यातून एकदा येशीलच, आता दोघं याल. त्यांच्यासाठी आतली खोली. असं सगळं मी लावत होते. किती वेळ शिवत होते कुणास ठाऊक. चहाची वेळ झाली म्हणून उठायला गेले तर कौदी माझ्याबरोबर उठली.

मी माझी साडी कौदीला शिवली होती. एका बाजूचा अख्खा काठ. इरकलीचा काठ, चांगल्या बारीक टाक्यांनी, गुडघ्यापासून पाऊलभर पुढंपर्यंत.

उत्कर्षा इतकी हसली की उचकी लागली. "अज्जी, तू स्वतःलाच शिवलंस!" मग माझ्याकडं बघून थांबली. मी हसायला हवं होतं, मी नुसतीच उभी होते, कौदी धरून. ती आत जाऊन ब्लेड घेऊन आली आणि म्हणाली, "बस. हलू नको. साडी फाटेल." आणि एक एक टाका उसवायला लागली. जीभ ओठांत धरून. तिला ते करताना बघून मला वाटलं, ही मोठी बाई आहे. नऊ वर्षांची पोर असं करत नाही. नऊ वर्षांची पोर हसून हसून शेजारी सांगायला पळते.

अर्धं उसवून झालं तेव्हा तुझा फोन आला. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं. त्या दाराला आवाज अडत नाही हे तिला माहीत नाही, तुला माहीत असेल.

ती म्हणाली, "आई, मी नाही येत पुण्याला. तू परत नको विचारू."

तू काहीतरी म्हणालीस.

"नाही गं, मला यायचंय. पण अज्जीला माझ्याशिवाय जमत नाही. चटणीत दोनदा तिखट घालते. आज तर तिनं स्वतःची साडी शिवली. मी नसले तर काय करेल ती?" मग बारीक आवाजात, "मी नाही रडत. तू पण नको रडू."

मी अंगणात अर्धी शिवलेली, अर्धी उसवलेली बसले होते. उठता येत नव्हतं.

मी इतके दिवस म्हणत होते, मी पोरीला सांभाळते. सगळे तसंच म्हणतात. अंकिता, पोरगी मला सांभाळते आहे. माझ्या तोंडाकडं बघून चटणीची चव बघते, करपट नानकटाई संपवते, आणि स्वतःच्या आईला फोनवर नको म्हणते. तूही तेच करते आहेस. एकमेकींसाठी जीव तुटतो तुमचा आणि दोघी मला काही लागू नये म्हणून लांब राहता. आणि मला तर लागतच नाही काही. ज्या बाईला काही वाटत नाही तिला जपण्यासाठी दोघींनी आपापलं सोडून द्यायचं, हा कुठला व्यवहार?

फोन ठेवून ती परत आली आणि ब्लेड उचलून जिथं सोडलं होतं तिथून सुरू केलं. मी म्हटलं, "उत्कर्षा, तुला आईकडं जायचंय का?"

"नाही."

"खरं सांग."

ती टाका काढत राहिली. "तू काय करशील मग?"

"मी काय करेन? कौद्या शिवेन. पुस्तकं वाचेन. सुंदरीकडं अक्कलकोटला जाईन, ती इथं येईल आणि मला बोलेल."

"आणि साडी शिवलीस परत तर?"

"मग उसवेन. मला काय उसवता येत नाही का?"

 शेवटचा टाका निघाला. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "मग जायचंय."

"बरं."

"तू रडणार का?"

मी म्हटलं, "नाही रडणार. काळजी करू नको."

तिचा चेहरा उतरला. जरा वेळानं म्हणाली, "थोडं रडलीस तरी चालेल."

अंकिता, मी तिला जवळ घेतलं. रडू आलं असं लिहायचं होतं मला, पण खोटं कशाला लिहू? आलं नाही. तिच्या केसांना घामाचा आणि तेलाचा वास येत होता. तो मला आला. बऱ्याच दिवसांत मला कशाचाच वास आला नव्हता, एवढं मात्र खरं.

आता तुझं. युवराजला हो म्हणायचं का नको, हे मी सांगणार नाही. मी बघून आले, मला तो बरा वाटला, एवढं मुलीकडच्या माणसानं सांगायचं असतं ते सांगितलं. तुला नको असेल तर नको म्हण. पण माझं नाव घेऊन नको म्हणू नकोस. तुझ्या नको म्हणण्यात मी राहणार नाही. तुला विचारलं आहे, अंकिता. नीट विचार करून तुझं तू उत्तर दे.

आणि लग्न कर किंवा करू नकोस, उत्कर्षा जूनमध्ये तुझ्याकडं येईल. हे दोन वेगळे विषय आहेत. भुवनेश्वरीबाई म्हणतील, पोरगी आज्जीपाशी राहू दे. त्या मनानं वाईट नाहीत, पण ते ऐकू नकोस. आज्जीच नको म्हणाली असं सांग. तुझी खोली लहान आहे हे मला माहीत आहे. दोघी एका पलंगावर झोपा. ती झोपेत लाथा मारते, भिंतीच्या बाजूला तिला घाल. सकाळी दूध कोमट लागतं, साय चालत नाही. केस विंचरताना ओरडते, ऐकू नकोस. गणितात बरी आहे. अंधाराला भीत नाही पण तसं सांगते, कारण मग कुणीतरी जवळ बसतं. बसत जा.

तुझ्या अप्पांना मी फोन केला. त्या दिवशी चहाशिवाय काही बोलले नाही, म्हणून केला. म्हटलं, होटगीला जाऊन आले. ते म्हणाले, "ताई, पपया गोड निघाल्या का?" मी म्हटलं, निघाल्या. मला चव कळली होती का ते आठवत नाही, पण उत्कर्षा गोड म्हणाली होती.

माझी काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. पण तू करणारच. तर कर, तुझ्या घरी बसून कर. सुट्टीत दोघी या, किंवा तिघं या.

सोमवारचं हे झालं. मंगळवारी सकाळी मी भाकरी केल्या, उत्कर्षाला शेजाऱ्यांकडं ठेवलं आणि शाळेत गेले. सुट्टीतही ऑफिस बारापर्यंत उघडं असतं. कारकून मला ओळखतात, गुरुही त्याच शाळेत होता. मी म्हटलं, उत्कर्षाचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. ते म्हणाले, "आईची सही लागेल, आजी." मी म्हटलं, आणते. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

मी म्हटलं, "आईकडं राहायला जाते, असं लिहा."

तुझीच,
अव्वा